आघात : शून्य

कंपनीने मला एक छत्री दिली, एक दुर्बीण
आणि सात रकान्यांची वही.
तारीख. वेळ. भरती की सुकती.
पाण्याचा रंग. पक्षी. मृत मासे, नग.
शेवटचा रकाना : आघात.
दिवसाला साडेचारशे. रविवारी सुट्टी नाही,
कारण समुद्राला नसते.

खारशेतच्या खाडीच्या मुखाशी, अकरा वाव खाली,
तीन पाती फिरतात.
वरून दिसते ती फक्त एक पिवळी बोय,
तिच्यावर पाणकावळा, पंख वाळत घातलेला.
धूर नाही, राख नाही, कोळशाचं जहाज नाही.
बर्फाचा कारखाना आता दुपारचा बंद पडत नाही,
आणि ज्या दिव्याखाली मी ही वही पक्की करते
तो त्याच पाण्याचा आहे.
हे आधीच सांगून टाकते.

गौतमी मॅडम म्हणाल्या होत्या, पाती सावकाश फिरतात,
मासा शहाणा असतो, बाजूने जातो.
खरं होतं.
चौदा महिने लिहितेय : शून्य, शून्य.
एकदा कासव आलं वाहत,
पण त्याच्या मानेत जाळं होतं,
आमचंच.
तेही लिहिलं.

मासा बाजूने जातो.
बाजूने म्हणजे कुठे, ते विचारायचं राहिलं.

इस्माईल वस्ता वल्ह्याने ऐकतात.
वल्हं पाण्यात उभं धरायचं,
मुठीला कान लावायचा, श्वास रोखायचा,
मग खालून ढोम्यांचं बोलणं येतं :
कुर्र, कुर्र,
ओल्या फळीवरून कुणी बोटं ओढावीत तसं.
कोत वेगळी बोलते. घोळ तर म्हणे
दारात उभ्या पाहुण्यासारखी खाकरते.
त्या आवाजावर त्यांनी होडीचं कर्ज फेडलं,
घरावर पत्रे घातले.
आता वल्ह्यातून एकच सूर.
“गिरण,” म्हणतात, “रात्रंदिवस चालू,
आणि दळण कुणाचंच नाही.”

पलीकडच्या पुळणीवर मुळे काढणाऱ्या बायका,
रझिया, शेवंती पालशेतकर, तिची जाऊ,
सुकतीला गुडघाभर चिखलात उभ्या राहून
रिकाम्या टोपल्या घेऊन येतात.
वाळू सरकली. मुखाशी नवा दांडा पडला.
मुळे होते तिथे मऊ गाळ,
पाय निघतो, चप्पल तिथेच राहते.
पाकटं म्हणे केबलच्या वाटेवर येऊन घुटमळतात,
मागे वळतात,
घरी काहीतरी विसरल्यासारखी.

याला वहीत रकाना नाही.
मेलेल्यांना आहे.
जे आलेच नाहीत त्यांची मोजदाद कशी करतात?
मॅडमना फोनवर विचारलं.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,
त्यासाठी आधीचे आकडे हवेत.
आधी कुणी मोजलंच नव्हतं गं.

आधीचे आकडे वस्तांच्या कानात आहेत.
कान चौऱ्याहत्तर वर्षांचा, डावा बरा.
त्यावर सही-शिक्का नाही.

परवा भांगाच्या दिवशी त्यांनी मला होडीत घेतलं.
भरती संपत आली, पाणी थबकलं,
ना आत, ना बाहेर.
खालची पाती थांबली.
वस्तांनी वल्हं माझ्या हातात दिलं.

आधी माझ्याच डुलाची किणकिण. तो काढला.
मग काहीच नाही.
मग लांबून, कातळाखालून कुठूनतरी,
कुर्र.
एकच. आणि गप्प.
गेले का सगळे, असं विचारल्यासारखा.
मग दुसरा.

वीस मिनिटं.
मग सुकती लागली
आणि गिरण सुरू झाली.

घरी येऊन वही उघडली.
भांग. पाणी हिरवट. पाणकावळा एक. मृत मासे नाहीत.
आघात :
इथे पेन्सिल टेकवून बसून राहिले.
दिवा एकदाही लुकलुकला नाही.
शून्य लिहिलं,
आणि शून्याच्या बाहेर, समासात, बारीक अक्षरात,
“४.१२ ते ४.३२. ढोमे दोन. ऐकले.”